साठ धनुष्यांपासून पंधरा पावलांपर्यंत

मुरारबाजी देशपांडे पुरंदरच्या वेढ्यात कसे पडले, हे मावळातल्या पोरांना शाळेत जाण्याआधी घरातच कळतं. साल १६६५. सभासदाच्या बखरीप्रमाणे दिलेरखानानं त्यांची मर्दुमकी पाहून कौल देऊ केला, मुरारबाजींनी तो धुडकावला आणि मग खानानं स्वतः तीर मारून त्यांना ठार केलं. ही गोष्ट सांगणारा तलवारीवर रंगतो आणि बाण एका वाक्यात उरकतो. खान किती अंतरावर उभा होता, कमान कसली होती, दोरी बोटांनी ओढली की अंगठ्यानं, हे कुणी विचारत नाही. मला मात्र ती लढाई ऐकताना दरवेळी हेच प्रश्न पडतात.

कमानीपुरता अंदाज बांधता येतो. मोगल सरदारांची कमान शिंग, लाकूड आणि जनावरांचे स्नायू सरसानं चिकटवून केलेली असे. आखूड, जोरकस, घोड्यावरून फिरवायला सोयीची. दोरी ओढायला अंगठ्यात कडं. पण अशी कमान वेल्ह्याच्या पश्चिमेला, पानशेतपलीकडच्या खोऱ्यांत आषाढ-श्रावणभर बाहेर ठेवली, तर दमट हवेनं सरस सैल पडायला वेळ लागणार नाही. इथलं धनुष्य म्हणजे कातकऱ्याच्या खांद्यावरचा तिरकामठा. बांबूची कांब, झाडाच्या सालीची किंवा तागाची दोरी, आणि मोडला तर दुसऱ्या दिवशी नवा.

हा फरक मी शोधून काढलेला नाही. ‘वसिष्ठ धनुर्वेदसंहिता’ या धनुर्विद्येवरच्या संस्कृत ग्रंथानं तो सरळ नोंदवून ठेवला आहे: शिंगाचं ते शार्ङ्ग, हत्तीवरून आणि घोड्यावरून लढणाऱ्यांसाठी, बांबूचं ते वांश, रथी आणि पायदळासाठी. म्हणजे दिलेरखान आणि कातकरी, दोघेही एकाच पोथीत आहेत.

धनुर्विद्या पुस्तकातून शिकता येते का, विशेषतः शिकारीची धनुर्विद्या? या प्रश्नाला सहसा ठरलेलं उत्तर मिळतं, की ‘पुस्तकात वाचून पोहता येत नाही.’ हे उत्तर मला आळशी वाटतं. पोहण्यावर आपल्याकडे कुणी शतकानुशतकं ग्रंथ लिहीत बसलेलं नाही. धनुष्यावर लिहिलं आहे. आणि त्यातला चांगला भाग पुण्या-मुंबईतच छापला गेला. अग्निपुराणात धनुर्वेदाचे चार अध्याय आहेत. ते पुराण आनंदाश्रमानं १९०० साली पुण्यात छापलं. शार्ङ्गधराच्या १३६३ सालच्या ‘पद्धती’त धनुर्वेदाचं मोठं प्रकरण आहे, ती पीटर पीटरसननं १८८८ साली मुंबईत संपादित केली. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’ (शके १०५१) श्रीगोंदेकरांनी बडोद्याच्या गायकवाड मालेत आणला. त्यात मृगया हा राजाचा एक ‘विनोद’ (म्हणजे करमणूक) म्हणून सविस्तर येतो. त्याच बडोद्यात द. चिं. मुजुमदारांनी दहा खंडांचा मराठी ‘व्यायामज्ञानकोश’ उभा केला. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात आज स्पर्धा परीक्षांच्या गठ्ठ्यांतून वाट काढत यांतलं काही मागितलं, तर दुकानदार चष्म्यावरून बघतो, ती गोष्ट वेगळी.

या पुस्तकांत काय आहे? फार उपयोगाच्या गोष्टी आहेत, आणि त्या भोर-वेल्ह्यात उभं राहून वाचल्या तर जास्तच पटतात. चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याकडे वळलं (कागदोपत्री तो आता राजगड तालुका, मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं नाव बदललं, लोकांच्या तोंडी वेल्हेच आहे), की गुंजवणी आणि कानंदीच्या खोऱ्यांत घरांमागे बांबूची बेटं दिसायला लागतात. संहिता सांगते, धनुष्याचा बांबू तीन, पाच, सात किंवा नऊ पेरांचा घ्या. फार जुना नको, कोवळा नको, दुसऱ्या काठीवर घासलेला, जळका, भोक पडलेला नको. पेरांचा विषम आकडा मी श्रद्धेच्या खात्यात टाकतो. बाकीच्या अटी मात्र टोपल्या-सुपं विणणारा कुठलाही बुरूड मान डोलावून मान्य करील. वाकवल्यावर ताण घेणारी चीज आहे ही, घासल्याची एक चीर पुरते. दोरीसाठी रेशीम, हरणाचे स्नायू, बांबूची साल असे पर्याय दिलेत आणि एक खास हंगामी पर्याय आहे: भाद्रपदात काढलेली रुईची साल. पावसाळा उतरणीला लागल्यावर रुई रसरशीत असते, साल लांबच लांब सुटते आणि तिचा धागा चिवट असतो. कापूरहोळवरून भोरकडे येताना रस्त्याच्या कडेला रुई हवी तेवढी. शनिवारी मारुतीला पानांची माळ घालण्यापलीकडे तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

बाणाबद्दल तर ग्रंथकार कमालीचा नेमका आहे. पुढून जाड काडी ती स्त्री, मागून जाड तो पुरुष, सगळीकडे सारखी ती नपुंसक. पहिली लांब जाते, दुसरी खोल घुसते आणि लक्ष्यवेधाला तिसरी उत्तम. नावांवर आजचा वाचक हसेल किंवा चिडेल, पण वर्गीकरण बघा: पल्ला, भेदकता आणि अचूकता या तीन वेगळ्या मागण्या आहेत, एका काडीत त्या तिन्ही बसत नाहीत, हे त्यात स्वच्छ कळलेलं दिसतं. सुटलेला बाण सरळ जात नाही, धनुष्याच्या दांड्याला वळसा घालत सापासारखा सळसळत निघतो आणि मग सरळ होतो, हे अमेरिकेत विसाव्या शतकात अतिवेगवान चित्रीकरण झाल्यावर डोळ्यांना दिसलं. काडीचा ताठपणा धनुष्याच्या जोराशी जुळला नाही, तर नेम कितीही चांगला असो, बाण एका अंगाला झुकतो. संहितेत हा सिद्धांत नाही. काडी सर्वत्र सारखी असावी, हा त्याचा व्यवहारी निष्कर्ष मात्र आहे.

पण माझ्या मते सगळ्यात शहाणी ओळ धनुष्याच्या जोराबद्दलची आहे. धनुष्य आपल्या बाहुबलाहून थोडं कमीच असावं. धनुर्धर धनुष्याला भारी पडावा, धनुष्य धनुर्धराला नको. आज कुठल्याही क्रीडासंकुलात नवशिक्या पोराला पहिल्या महिन्यात हेच सांगावं लागतं, कारण त्याला सगळ्यात जड धनुष्य उचलून दाखवायचं असतं. न पेलणाऱ्या धनुष्यानं खांदा थरथरतो, हनुवटीपाशी हात पोचायच्या आत बोटं सुटतात, आणि ती सवय लागली की वर्षभर जात नाही. संहिता पुढे सरावाचीही मापं देते: दिवसाला चारशे बाण सोडणारा श्रेष्ठ, तीनशे सोडणारा मध्यम, दोनशे सोडणारा कनिष्ठ. अचूकता ही जन्मजात देणगी नाही, मोजून घालायची मेहनत आहे, असं मानणाऱ्या माणसानंच हे लिहिलं असणार. बाण वर का गेला, खाली का गेला, याची कारणंही तो दैवात न शोधता दोन्ही मुठींच्या उंचसखलपणात शोधतो. लक्ष्याचे प्रकार चार: दोघंही स्थिर, लक्ष्य हलतं, धनुर्धर हलतो, दोघंही हलतात. अग्निपुराणातल्या आलीढ, प्रत्यालीढ, समपाद या पवित्र्यांची नावं मराठी माणसाला मूर्तिशास्त्रातून ओळखीची असतात. मूळ उपयोग पाय रोवायचा.

मुठींबद्दल मात्र थोडं थांबायला हवं, कारण इथेच पुस्तकातून शिकणाऱ्याचा गोंधळ उडतो. संहितेत दोरी धरायच्या पाच मुठी आहेत: पताका, वज्रमुष्टी, सिंहकर्ण, मत्सरी, काकतुंडी. वर्णनं वाचली की ध्यानात येतं, पाचांतही अंगठा महत्त्वाचा आहे. अंगठा आणि तर्जनी यांची जागा बदलत जाते, पण ओढीचा भार अंगठ्याभोवतीच. आशियातली बहुतेक धनुर्विद्या अशीच होती. दिलेरखानाचं कडं त्याच घराण्यातलं. आजच्या ऑलिंपिकमधलं रिकर्व्ह धनुष्य मात्र तीन बोटांनी ओढतात, अंगठा बाजूला मोकळा. ही युरोपातली रीत. संहिता वाचून ऑलिंपिक धनुष्य हातात घेतलं किंवा इंग्रजी पुस्तक वाचून तिरकामठा हातात घेतला, तरी बाण दांड्याच्या कुठल्या बाजूला टेकवायचा इथपासून घोळ सुरू होतो, कारण अंगठ्यानं ओढणारा तो एका बाजूला ठेवतो आणि बोटांनी ओढणारा दुसऱ्या.

आणि याच जागी एकलव्य आठवतो. त्याच्या गोष्टीवर गुरुभक्ती, अन्याय, जात यांचं इतकं लिहून झालं आहे की तिच्यातला तांत्रिक तपशील हरवून गेला. भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीचं आदिपर्व विष्णु सीताराम सुकथनकरांनी पुण्यात सिद्ध केलं. त्यात अंगठा दिल्यावर एकलव्य धनुष्य टाकत नाही. तो बोटांनी दोरी ओढायला लागतो, फक्त पूर्वीसारखा चपळ राहत नाही. म्हणजे द्रोणानं त्याची विद्या काढून घेतली नाही. एका पद्धतीतून त्याला दुसऱ्या पद्धतीत ढकललं आणि त्याच्या हाताला सवय नसल्यामुळे वेग गेला. नंदुरबारकडच्या भिल्लांबद्दल आजही सांगतात की ते अंगठा न लावता तीर सोडतात, आणि कारण म्हणून एकलव्याचं नाव घेतात. एवढा काळ सराव केल्यावर वेग परत आला असणार, असं मानायला हरकत नाही.

आता शिकार. पुस्तकातून शिकून धनुष्यानं शिकार करणाऱ्यांची एक परंपराच अमेरिकेत झाली आणि तिच्या मुळाशी एक विलक्षण जोडी आहे. १९११च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोविल गावात एक उपाशी माणूस सापडला. ‘याही’ नावाच्या जमातीचा तो शेवटचा माणूस. त्याला ‘इशी’ म्हणू लागले. सॅन फ्रान्सिस्कोत विद्यापीठाच्या संग्रहालयात तो राहिला आणि शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयातला शल्यविशारद सॅक्स्टन पोप त्याचा मित्र झाला. इशी धनुष्य करायचा, पोप बघायचा. मग दोघं रानात जायचे. इशी १९१६ मध्ये क्षयानं गेला. पोपनं १९२३ मध्ये धनुष्यबाणाच्या शिकारीवर पुस्तक लिहिलं आणि ते वाचून दोन-तीन पिढ्यांनी आपापल्या परसात धनुष्यं तासली.

त्या पुस्तकात मला दोन गोष्टी लक्षणीय वाटतात. एक, इशी दोरी अंगठ्यानं ओढायचा, पण पोप स्वतः इंग्रजी पद्धतीचं लांब धनुष्य तीन बोटांनी ओढू लागला. म्हणजे ज्याच्याकडून रान शिकला, त्याच्याकडून हात घेतला नाही. दुसरी, ठरलेल्या अंतरावरच्या चांदमारीत इशी पोपच्या मंडळींपुढे फिका पडायचा. सशाच्या, हरणाच्या अंतरावर मात्र तो पक्का. त्याचं कसब बाण सुटण्याआधीचं होतं. शिकारीच्या आदल्या दिवशी मासे नाहीत, तंबाखू नाही. सकाळी न खाता ओढ्यात अंघोळ आणि अंगाला सुवासिक पाला. ओठांना बोटं लावून सशाला बोलावणारा आवाज. हरणाचं पेंढा भरलेलं मुंडकं डोक्यावर धरून हरणाच्या कुतूहलाचा फायदा घेणं.

हे वाचताना ‘मानसोल्लास’ आठवतोच. तिथंही माणसाळवलेलं हरीण पुढे करून रानातल्या हरणाला जवळ आणायची युक्ती आहे. पाणवठ्याशी, खारट माती चाटायला जनावरं येतात तिथं दबा धरणं आहे. सोमेश्वर राजा होता. हरीण माणसाळवणारी, वारा बघणारी, पाणवठ्यावरचे माग ओळखून खबर आणणारी माणसं वेगळी असणार, आणि त्यांनी काही लिहिलं नाही. ‘शाकुंतला’च्या दुसऱ्या अंकात सेनापती मृगयेची तरफदारी करतो तेव्हा पोट झडतं, जनावराचं भ्यालेलं नि चिडलेलं मन कळतं, हलत्या लक्ष्यावर बाण लागतो, असे फायदे मोजतो. सगळे राजाच्या बाजूचे.

आता अंतराचा हिशेब मांडू. संहितेप्रमाणे एक धनुष्य म्हणजे चार हात, साधारण सहा फूट. साठ धनुष्यांवरचं लक्ष्य श्रेष्ठ, चाळिसावरचं मध्यम, विसावरचं कनिष्ठ. मीटरमध्ये अंदाजे ११०, ७३ आणि ३७. मधला आकडा बघून मला मजा वाटली: ऑलिंपिकमध्ये रिकर्व्हचं अंतर ७० मीटर आहे. जगभरच्या समित्यांनी टीव्ही, मैदानं, प्रेक्षक यांचा विचार करून जे ठरवलं, ते आपल्या पोथीत ‘मध्यम’ म्हणून आधीच लिहिलेलं. पण साध्या, यंत्राशिवायच्या धनुष्यानं शिकार होते ती पंधरा-वीस पावलांवरून. त्यापुढे बाण लागला तरी नीट लागत नाही आणि जनावर घायाळ होऊन मरणाआधी मैलभर रान तुडवतं. म्हणजे पुस्तक शिकवतं ते ११० ते ३७ मीटरपर्यंतचं. जनावर असतं तिथून पलीकडे आणि धनुर्धराला पोचायचं असतं पंधरा पावलांवर. मधलं अंतर कापायची विद्या पुस्तकात नाही. असलीच तर ‘दबा धरावा’ अशा एका क्रियापदात.

वेल्ह्याच्या रानात हे अंतर चालूनच कळतं. मढे घाटाच्या अलीकडे कारवी माजलेली असेल तर दहा-पंधरा पावलांपुढे दिसत नाही. इथं सत्तर मीटरचा नेम निरुपयोगी आहे. भेकराची हाक कुठून आली, पालापाचोळ्यात पाऊल कुठल्या कडेवर टाकायचं, संध्याकाळी दरीतून वर येणारा वारा कधी फिरतो, हे कळलं तर धनुष्य साधारण असलं तरी चालतं. ते कळणारी माणसं होती आणि काही अजून आहेत. कातकऱ्यांच्या वाड्यांवर तिरकामठ्याचा विषय काढला, की मात्र आधी कुणी बोलत नाही. मग कुणी हसून गलोलीवर, फासक्यांवर, ओढ्यातल्या माशांवर विषय नेतं. खैराचा कात काढणारी म्हणून नाव पडलेली ही जमात. कात गेला, रान आटलं आणि दिवाळी सरली की बिऱ्हाडं पाठीवर घेऊन वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जायचं. वडिलांच्या मागून रानात फिरण्याचे महिने ज्या वयात असतात, त्या वयात पोर भट्टीवर असतं. पुस्तक नसलेली विद्या अशा वेळी कुठं टिकणार?

गप्प होण्याचं दुसरं कारण कायदा, आणि ते अगदी रास्त आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाण नावानिशी आहे. सापळे, फास, जाळी, विषही आहेत. शिकारीच्या व्याख्येत नुसतं मारणं नाही: पकडणं, हुसकावून हाकणं, आमिष लावणं, नुसता प्रयत्न करणं, सगळं येतं. म्हणजे शिमग्याच्या सुमारास गावानं मिळून रान उठवायची जी चाल सह्याद्रीत पुष्कळ ठिकाणी होती, तिच्यातला हाकारासुद्धा शिकारच. रानडुकरं भाताची नासाडी करतात म्हणून माळ्यावर रात्र काढणाऱ्या शेतकऱ्याची तक्रार खरी आहे, पण तिची वाट वनखात्याच्या परवानगीतून जाते, तिरकामठ्यातून नाही. कायद्यानं एका बाजूनं आणि देवराईनं दुसऱ्या बाजूनं इथलं जे रान राखलं, त्यात बाणाला जागा नाही. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळांनी १९७०च्या दशकात या भागातल्या देवराया अभ्यासल्या, तेव्हाही काठी तोडायला आणि जनावर मारायला देवाचीच मनाई होती. मला यात काही हळहळण्यासारखं वाटत नाही. भेकर बघायला मिळतं, ते मारायला का मिळत नाही म्हणून कुणी रडावं?

हळहळ वाटते ती पंधरा पावलांच्या विद्येची, आणि तिच्यासाठी मारणं लागत नाही. मारुती चितमपल्लींनी हंसदेवाचं ‘मृगपक्षिशास्त्र’ मराठीत आणलं, पण त्यांची स्वतःची पुस्तकं उभी राहिली ती पारध्यांबरोबर, आदिवासींबरोबर रानात बसून. वैशाखी पौर्णिमेच्या रात्री राज्यातल्या अभयारण्यांत पाणवठ्यांवर मचाणं बांधून प्राणिगणना होते. सोमेश्वराच्या पाणवठ्यावरची बैठक तीच, मांडीवर धनुष्याऐवजी वही. या कामाला वाड्यांवरचा माणूस वाटाड्या म्हणून घेतला जातो, शिक्षक म्हणून नाही. रोजंदारीच्या मस्टरवर त्याचं नाव असतं, अहवालावर नसतं.

राहिली साठ धनुष्यांची विद्या. ती भोरच्या वेशीवरच आहे. नीरा ओलांडली की सातारा जिल्हा. फलटणजवळच्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला गेला, साताऱ्याची अदिती स्वामी २०२३च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी कंपाउंडची जगज्जेती झाली आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेनं पुरुषांचं विजेतेपद घेतलं. कंपाउंडमध्ये दोरी बोटांनी सुटतच नाही, हातात धरलेल्या छोट्या यंत्राचा चाप दाबला की सुटते. अंगठा की बोटं हा वाद तिथं संपतो. दिवसाला चारशे-तीनशेचा हिशेब मात्र संपत नाही.

ज्याला वेल्ह्यात घरामागच्या परसात पुस्तक उघडून, बांबूचं धनुष्य करून, पेंढ्याच्या गादीवर नेम धरायचा आहे, त्याला अडवणारं काही नाही. मागे मातीचा उंच बांध हवा आणि बाणाच्या वाटेत माणूस-जनावर नको. सुरुवात फार तर वीस धनुष्यांपासून करावी. संहिता त्याला कनिष्ठ म्हणते, पण सदतीस मीटर हे नवशिक्याला पुष्कळ झालं, मी तर दहा धनुष्यांवर आणीन. बांबू तोडायला दिवाळीनंतरचे दिवस चांगले. पावसाचं पाणी काठीतून उतरलेलं असतं आणि अवसेला तोडली तर भुंगा लागत नाही, असं इथले लोक मानतात. रुईच्या दोरीसाठी मात्र भाद्रपद गाठायला हवा, तो हुकला तर दुकानातला नायलॉन.